मिडी फाइलवरून कीबोर्डची स्टाइल कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: एका भावगीताची मिडी फाइल हाती आहे, म्हणजे कोणता स्वर कधी आणि किती जोराने वाजवायचा याच्या सूचनांची फाइल. ठेका केरव्याचा, गाणं जी मायनरमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच. फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकून यामाहाच्या पीएसआर कीबोर्डसाठी स्टाइल, म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड धरली की आपोआप वाजणारी साथ, तयार केली. ती उघडते, वाजतेही. पण तबल्याच्या जागी भलतेच आवाज येतात, डाव्या हाताने कॉर्ड बदलली की बेस बेसूर होतो, आणि दर दोन बारनंतर ठेक्याला झटका बसतो. मग सॉफ्टवेअर बदलावं का?

बदलू नका. तिन्ही दोष फाइलमध्ये आहेत, आणि दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तेच दिसतील. मिडीचे तुकडे करून त्यांना स्टाइलचं पाकीट चढवणं एवढंच काम सॉफ्टवेअर करतं, आणि ते मिनिटभरात होतं. मिडीला तुम्ही उद्या कोणती कॉर्ड धरणार आहात हे माहीत नसतं. स्टाइलला मात्र कुठल्याही कॉर्डला कसं वागायचं हे आधी सांगून ठेवावं लागतं. ते सांगण्याचं काम आपलं, आणि एका गाण्याला माझ्या दोन संध्याकाळी त्यातच जातात.

आधी यामाहाच्या स्टाइल फाइलमध्ये काय असतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पुढचा भाग ही साधी मिडी फाइल असते, टाइप झीरोची, म्हणजे सगळे चॅनल एकाच ट्रॅकमध्ये. तिच्यात मार्कर, म्हणजे विभागांच्या नावांच्या खुणा असतात: मेन ए, मेन बी, फिल इन ए ए, इंट्रो ए, एंडिंग ए असे. त्यांचं स्पेलिंग, मोकळी जागा, लहान-मोठी अक्षरं तंतोतंत हवीत, नाहीतर कीबोर्डला तो विभाग सापडत नाही. विभाग एकूण 15: इंट्रो 3, मेन 4, फिल 4, ब्रेक 1, एंडिंग 3. मिडीच्या मागे कॅसम नावाचा भाग जोडलेला असतो. कोणत्या चॅनलने कॉर्डप्रमाणे कसं हलायचं, याचे नियम तिथे लिहिलेले असतात. पीटर विएर्झबा आणि मायकल बेडेसेम यांनी या फाइलची रचना उलगडून लिहून ठेवली आहे. इंग्रजी वाचायची सवय असेल तर ते लेखन जरूर वाचा, मी बरंचसं तिथूनच शिकलो.

चॅनलही ठरलेले आहेत. 9 वर जोडीचा ऱ्हिदम, 10 वर मुख्य ऱ्हिदम, 11 वर बेस, 12 आणि 13 वर कॉर्ड, 14 वर पॅड म्हणजे मागे लांबत राहणारे सूर, 15 आणि 16 वर फ्रेज म्हणजे छोटे सुरेल तुकडे. मिडीत सोळा चॅनल भरलेले असतील तर निम्मे काढून टाकावे लागतात. पहिली काढायची ती गाण्याची धून. हे सांगायला नको असं वाटेल, पण बासरीवर वाजणारी धून फ्रेजच्या चॅनलवर तशीच राहिलेल्या स्टाइली माझ्याकडे दुरुस्तीला आल्या आहेत. दुसरे काढायचे ते व्हायोलिनचे भराव. ते त्या गाण्याच्या त्या ओळीसाठी बांधलेले असतात, दुसऱ्या ओळीखाली ते बसत नाहीत.

आता बार निवडणं. इथे घाई करू नका. पूर्ण गाणं तीन-चार वेळा ऐका आणि जिथे कॉर्ड हलत नाही, तबलजी सजावट करत नाही आणि बेस साधा चालतो असे दोन किंवा चार बार शोधा. मुखड्याची पहिली ओळ बहुधा उपयोगाची नसते, कारण तिथे सगळे अजून जुळवून घेत असतात. दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर ठेका स्थिर झालेला असतो, मला हवे ते बार बहुतेक वेळा तिथे मिळतात. मेन ए मी मुखड्यासाठी ठेवतो, अगदी मोजका. मेन बी अंतऱ्यासाठी. मेन सी मध्ये लग्गी, म्हणजे तबल्याचं जलद, चटपटीत वादन. मेन डी सगळ्याच गाण्यांना लागत नाही, पण रिकामी ठेवू नका. कार्यक्रमात चुकून त्या बटणावर बोट पडलं तर सी ची नक्कल तरी वाजू दे.

झटक्याचं कारण जवळून पाहू, कारण ते कानाला कळत नाही, डोळ्यांनीच पाहावं लागतं. समजा तुमची मिडी 480 टिकची आहे, म्हणजे एका बीटचे 480 भाग. चार बीटचा बार 1920 टिकांचा. हाताने वाजवलेली मिडी असेल तर समेचा धा नेमका 1920 वर पडत नाही. तो 1912 वर असतो. 80 च्या लयीत आठ टिक म्हणजे साडेबारा मिलिसेकंद. गाणं ऐकताना ते कुणालाच जाणवत नाही, उलट वादनात जिवंतपणा येतो. पण सॉफ्टवेअर 1920 वर सुरी चालवतं. तुमच्या तुकड्याचा पहिला धा मागच्या बारमध्ये राहतो, आणि पुढच्या बारचा धा तुमच्या तुकड्याच्या शेवटी येऊन चिकटतो. स्टाइल सुरू करताना सम रिकामी, आणि फेरी पूर्ण होताना शेवटच्या क्षणी एक घाईचा ठोका. हाच तो झटका.

यावर सगळी मिडी क्वांटाइझ करणं, म्हणजे प्रत्येक स्वर मोजून नेमक्या जागी बसवणं, हा उपाय नव्हे. तसं केलंत तर केरवा घड्याळासारखा वाजू लागतो. फक्त कडेचे स्वर हलवा. निवडलेल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या अलीकडे वीस-तीस टिकांत जे काही पडलं असेल, बेस असो, तबला असो, घुंगरू असो, ते उचलून बरोबर समेवर ठेवा. तुकड्याच्या शेवटी लांबत जाणारे स्वर हद्दीच्या थोडं अलीकडे संपवा. पॅडचा लांब स्वर हद्द ओलांडून गेला तर तो कापला जातो आणि टिचकी ऐकू येते. मधला भाग मात्र जसा वाजवलाय तसाच राहू द्या.

तबल्याचे भलते आवाज दोन कारणांनी येतात. पहिलं, 1991 साली आलेल्या जनरल मिडीच्या ड्रम नकाशात तबलाच नाही. म्हणून आपल्याकडच्या जुन्या मिडी करणाऱ्यांनी बोंगो आणि कोंगावर तबला बसवला: 60 आणि 61 क्रमांकाचे बोंगो चाटीसाठी, 63 आणि 64 चे कोंगे बायाँसाठी, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्यासाठी. तुम्ही तोच ट्रॅक भारतीय किटवर वळवलात की 60 क्रमांकाच्या पट्टीवर त्या किटमध्ये जे असेल ते वाजणार. कीबोर्डसोबतच्या डेटा लिस्टमध्ये किटचा नकाशा असतो. तो समोर ठेवून एकेक स्वर बदलावा लागतो. मी तर बोल लिहूनच घेतो. धा गे ना ति न क धि न, प्रत्येकाखाली पट्टीचा क्रमांक. धा ला दोन पट्ट्या लागतात, एक दायाँची, एक बायाँची, आणि दोन्ही एकाच जोराने वाजवू नका. समेचा बायाँ 100 च्या आसपास असेल तर पाचव्या मात्रेपासूनचा खाली भाग 60-70 वर आणा. खाली आणि भरी यांतला फरक या आकड्यांतूनच ऐकू येतो. बोंगोवर केलेल्या मिडीत हा फरक बहुधा नसतोच, तो आपल्याला घालावा लागतो. घसरत जाणारा बायाँ बऱ्याच किटमध्ये वेगळ्या पट्टीवर दिलेला असतो. तो दोन बारमध्ये एकदाच वापरा, दर समेला आला की कानाला खुपतो.

दुसरं कारण वाद्यांच्या निवडीचं आहे. स्टाइलचा पहिला बार हा मांडणीचा असतो. प्रत्येक चॅनलचा आवाज, बँक, व्हॉल्यूम, पॅन, रिव्हर्ब हे सगळं तिथे लिहिलेलं असतं, आणि मेन ए चा मार्कर त्यानंतर येतो. सॉफ्टवेअर ही मांडणी तुमच्या मिडीच्या सुरुवातीवरून घेतं. पण गाण्यात मध्येच त्याच चॅनलवर संतूरचं सतार झालेलं असेल आणि तुम्ही बार घेतलेत अंतऱ्यातले, तर स्वर सतारीचे आणि आवाज संतूरचा. म्हणून तुकडा कापण्याआधी त्या जागी कोणत्या चॅनलवर काय चालू होतं ते लिहून ठेवा आणि पहिल्या बारमध्ये तेच भरा. विभागाच्या मध्ये आवाज बदलण्याचा एकही संदेश ठेवू नका. यामाहाच्या एक्सजी पद्धतीत ड्रम किटची बँक 127 असते. ती चुकून शून्य राहिली तर तबला म्हणून पियानो वाजतो.

आता मूळ दुखणं, बेसचं. यामाहाची स्टाइल असं धरून चालते की तुम्ही जे लिहिलंय ते सी मेजर सेव्हनवर लिहिलंय. सा म्हणजे पांढरी एक धरली तर सा, ग, प आणि शुद्ध नि हे कॉर्डचे स्वर, रे आणि ध चालणारे, आणि शुद्ध मध्यम टाळायचा. मेन आणि फिलमध्ये एवढ्याच स्वरांत राहायचं. या मर्यादेत लिहिलेलं कीबोर्ड कुठल्याही कॉर्डवर नीट नेतो, मायनर धरली की गंधार आपोआप कोमल करतो.

तुमच्या गाण्यासारख्याच एका गाण्यातला बेस मी कसा बदलला ते सांगतो. मूळ दोन बार असे होते: जी, डी, जी, बी फ्लॅट, मग सी, डी, एफ, जी. पाच सेमिटोन वर नेल्यावर झालं सा, प, सा, कोमल ग, म, प, कोमल नि, सा. सॉफ्टवेअरने इथपर्यंत आणून दिलं होतं आणि काम झालं असं सांगितलं होतं. पण आता कीबोर्डला वाटतं की हे सी मेजर सेव्हन आहे. त्यात कोमल गंधार कुठून आला, हे त्याला कळत नाही. डाव्या हाताने मेजर धरलीत तरी तो स्वर कोमलच लागू शकतो, आणि मध्यम तर कुठल्या कॉर्डवर कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून कोमल गंधार शुद्ध केला. मध्यमाच्या जागी पंचम ठेवला. कोमल निषादाच्या जागीही पंचमच, पण खालच्या सप्तकातला. म्हणजे सा, प, सा, ग, प, प, खालचा प, सा. मूळ चाल जास्त देखणी होती, हे मान्य. पण ही चाल बी फ्लॅटवर, एफवर, सी मायनरवर, कुठेही उभी राहते, आणि गाणाऱ्याला आधार देते.

आणखी एक मार्ग आहे. कॅसममध्ये मूळ कॉर्ड बदलून सी मायनर सेव्हन लिहिता येते. मग कोमल ग आणि कोमल नि हेच कॉर्डचे स्वर ठरतात. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मायनरच असेल तर मी हे करतो. पण भावगीतं सहसा मायनरमधून शेजारच्या मेजरमध्ये जाऊन येतात. तिथे मला सी मेजर सेव्हनवर बसवलेला बेस जास्त भरवशाचा वाटतो.

नियमांची दोन नावं सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडे दिसतील: एनटीआर आणि एनटीटी. एनटीआर म्हणजे मूळ स्वर हलला की बाकीच्यांनी कसं हलायचं. रूट ट्रान्सपोज ठेवलं तर सा-ग-प हे एफ कॉर्डवर म-ध-सां होतं, सगळं जसंच्या तसं उचललं जातं. बेस आणि फ्रेजला हे हवं. रूट फिक्स्ड ठेवलं तर तेच सा-म-ध होतं, हात जागचा फारसा हलत नाही, जसा पेटीवाला जवळच्या जवळ सूर धरतो. कॉर्डच्या आणि पॅडच्या चॅनलला हे हवं. एनटीटी म्हणजे कॉर्डचा प्रकार बदलला की काय करायचं. बेसला बेस, कॉर्डला कॉर्ड, फ्रेजला मेलडी, आणि तबल्याला रूट फिक्स्डसोबत बायपास. हा बायपास विसरलात तर कॉर्ड बदलताच तबल्याच्या पट्ट्या सरकतात आणि धा च्या जागी झांज वाजते. तुमच्या ‘भलत्या आवाजां’पैकी काही यातले असू शकतात, तेही तपासा.

बेससाठी हाय की नावाची मर्यादा असते. मी ती डी शार्पला ठेवतो. मग ई कॉर्ड धरली की बेस वरच्या ई ला न जाता खालच्या ई वर उतरतो. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ई चीच असते, म्हणून ते कानाला खरं वाटतं. पॅडसाठी आरटीआर पाहा, म्हणजे स्वर वाजत असतानाच कॉर्ड बदलली तर त्याने काय करायचं हा नियम. तिथे स्टॉप लिहिलेलं असेल तर बारच्या मध्ये कॉर्ड बदलल्यावर पॅड पुढचा स्वर येईपर्यंत गप्प बसतो. पिच शिफ्ट ठेवा, सूर नवा ठोका न घेता नव्या कॉर्डवर सरकतो.

इंट्रो आणि एंडिंगची गोष्ट वेगळी. तिथे मध्यम चालतो, कॉर्डची माळ चालते, मूळ गाण्याचा म्युझिक पीस पूर्ण ठेवता येतो, कारण इंट्रो वाजताना आपण एकच कॉर्ड धरून बसलेलो असतो. फक्त मेजर-मायनर जुळायला हवं. हार्मॉनिक मायनर टेबल दिलं तर मायनर धरताच गंधार आणि धैवत उतरतात, बाकी स्वर तसेच राहतात. मेलॉडिक मायनरमध्ये फक्त गंधार उतरतो. नॅचरल मायनर आणि डोरियन ही टेबलं नव्या, एसएफएफ टू प्रकारच्या फाइलमध्येच असतात. मूळ पीस सी मेजरमध्ये लिहिलेला असला पाहिजे, ही अट मात्र इथेही आहे.

फिल नेहमी एकाच बारचा असतो. आठ मात्रांचं उठाण त्यात बरोबर मावतं. सोळा मात्रांची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, मावत नाही, आणि अर्धी कापून घालू नये, सम चुकल्यासारखी वाटते. अशी तिहाई मी एंडिंगमध्ये ठेवतो. दादऱ्यातलं गाणं असेल तर कामाच्या सुरुवातीलाच ठरवा की सहा मात्रा एका बारमध्ये घ्यायच्या की तीन-तीनच्या दोन बारमध्ये. दुसरा मार्ग घेतलात तर फिल तीन मात्रांचाच होतो, आणि तो कुठल्या तीन मात्रांवर दाबायचा याची सवय वाजवणाऱ्याला करावी लागते.

एक सूचना मनापासून करतो, कारण हे माझ्या बाबतीत घडलंय. कोजागिरीच्या एका कार्यक्रमात माझ्याच एका स्टाइलमध्ये फिल दाबला आणि त्यानंतर बेस पाव सुराने चढा राहिला. फिलमधल्या बेसला मूळ वादकाने स्वर ओढला होता, पिच बेंडने. ओढ सोडल्याचा संदेश पुढच्या बारमध्ये होता आणि तो कापणीत गेला होता. पुढचा पूर्ण अंतरा गायिकेने त्या बेसशी झगडत काढला. तेव्हापासून प्रत्येक विभागाच्या पहिल्या टिकवर, प्रत्येक चॅनलला मी पिच बेंड शून्य, सस्टेन पेडल बंद आणि एक्स्प्रेशन पूर्ण, असे तीन संदेश लिहितोच. इव्हेंट लिस्ट, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या संदेशांची यादी, उघडून ते डोळ्यांनी तपासतो. पंधरा विभागांना फार तर अर्धा तास लागतो.

गिटारच्या स्ट्रमिंगबद्दल एवढंच सांगेन की ते मिडीतून आणायच्या नादी लागू नका. कीबोर्डमधले मेगाव्हॉइस गिटार स्वराच्या जोरावरून तार दाबली, घासली की मोकळी सोडली हे ठरवतात. साध्या मिडीतले जोराचे आकडे तिथे गेले की नुसती खरखर ऐकू येते. त्यापेक्षा कीबोर्डमधल्या स्टाइल क्रिएटरमधली असेंब्लीची सोय वापरा आणि कारखान्याच्या एखाद्या स्टाइलमधला गिटारचा ट्रॅक उचला. तो आधीच कॉर्डप्रमाणे वागायला शिकलेला असतो.

सॉफ्टवेअर कुठलं, असं विचारलंत तर मी कापणी आणि दुरुस्ती केकवॉकमध्ये करतो, कारण इव्हेंट लिस्ट वाचायला तिथे मला सोपी जाते. रीपर किंवा क्युबेस येत असेल तर तेच वापरा. कॅसम आणि आवाजांसाठी डेन्मार्कच्या यॉर्गन सोरेनसेन यांची छोटी-छोटी मोफत साधनं आहेत, एकेक काम नेमकं करणारी. एका कंपनीची स्टाइल दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डला न्यायची असेल तर स्टाइल वर्क्स. कॉर्गचा पीए मालिकेतला कीबोर्ड असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, तो टाइप झीरोची मिडी स्वतःच आत घेतो. मात्र त्याचे मार्कर वेगळे असतात आणि चॅनलही: बेस 9 वर, ड्रम 10 वर, पर्कशन 11 वर. यामाहासाठी मांडलेली मिडी त्याला तशीच देऊ नका.

आणि दुसऱ्याने कष्टाने केलेली मिडी असेल तर त्यातून केलेली स्टाइल विकू नका. स्वतःच्या वाजवण्यापुरती ठेवा, किंवा त्या माणसाला विचारा.

तपासणी गाण्यावर करू नका, आधी कॉर्डवर करा. तबला आणि बेस एवढेच चालू ठेवून सी, सी मायनर, सी सेव्हन, एफ, जी, ए मायनर अशा कॉर्ड धरा, प्रत्येक चार-चार बार. मग एफ शार्प आणि बी, कारण मर्यादेच्या चुका तिथे उघड होतात. बारच्या मध्येच कॉर्ड बदलून पाहा. मग एकेक चॅनल वाढवा. सगळं चालू ठेवून ऐकलं तर पॅडच्या आड बेसची चूक लपते. व्हॉल्यूम मी साधारण तबला 100, बेस 80, कॉर्ड 65 आणि पॅड 45 इथून सुरू करतो. त्यानंतर गाणाऱ्या माणसाला समोर बसवून एक तालीम घ्या, घरातल्या छोट्या स्पीकरवर नव्हे, कार्यक्रमात वापरता त्या स्पीकरवर. तालमीनंतर फाइल परत उघडावी लागतेच. माझ्याकडे तेव्हा बहुतेक दोनच आकडे बदलतात, उठाणाचा जोर आणि पॅडचा व्हॉल्यूम. दोन्ही खाली येतात.